दिग्दर्शक तोच, सिनेमा दुसरा

९ एप्रिल १९७९ रोजी ‘द डीअर हंटर’ या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन हे दोन्ही होते. मायकेल चिमिनोचा हा अवघा दुसरा चित्रपट. बरोबर आठवड्याने, १६ एप्रिलला, मोंटाना राज्यातल्या डोंगराळ भागात त्याने तिसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू केलं. त्याचं नाव ‘हेवन्स गेट’. नोव्हेंबर १९८० मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये झळकला, समीक्षकांनी तो अक्षरशः झोडपून काढला आणि आठवडाभरात निर्मात्या कंपनीने तो थिएटरमधून मागे घेतला. कापून लहान केलेली प्रत पुढच्या वर्षी आली, तीही पडली. खर्च झाला होता सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर आणि अमेरिकेतल्या थिएटरांतून परत आले जेमतेम ३५ लाख.

दोन्ही चित्रपटांचा दिग्दर्शक एक, छायालेखक विल्मोश झिगमंड एक, क्रिस्टोफर वॉकन हा नटही दोन्हीकडे आहे. सात दिवसांत कुणाची प्रतिभा आटत नाही. तरीही अशा पडझडीची उदाहरणं चित्रपटाच्या इतिहासात इतकी आहेत की तिला अपघात म्हणून सोडून देता येत नाही. कवीच्या दोन कवितांमध्ये फार तर त्याचं मन बदललेलं असतं. कागद आणि शाई तीच. चित्रपट मात्र लेखक, निर्माता, छायालेखक, संकलक, नट, पैसा, हवामान आणि वेळापत्रक यांच्या एकत्र येण्यातून घडतो. एका चित्रपटाकडून दुसऱ्याकडे जाताना यातलं जवळजवळ सगळं बदलतं. कायम राहतं ते पडद्यावरचं दिग्दर्शकाचं नाव, आणि प्रेक्षक तेवढं नाव वाचून तिकीट काढतो.

‘हेवन्स गेट’च्या बाबतीत काय बदललं होतं याची हकिकत तपशिलात उपलब्ध आहे, कारण युनायटेड आर्टिस्ट्स या निर्मात्या कंपनीतले अधिकारी स्टीव्हन बाख यांनी नंतर त्यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. कंपनी नावाजलेली होती, पण तिचा गाडा वर्षानुवर्षं हाकणारे आर्थर क्रिम आणि त्यांचे सहकारी १९७८ च्या सुरुवातीला एकगठ्ठा बाहेर पडले आणि त्यांनी ओरायन ही नवी कंपनी काढली. मागे राहिलेल्या नव्या मंडळींना आपण कच्चे नाही हे दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी मोठं नाव हाती हवं होतं. चिमिनोने त्यांच्यापुढे ठेवलेली पटकथा नवी नव्हती. १८९२ मध्ये वायोमिंगमध्ये बड्या गुरेवाल्यांनी स्थलांतरित शेतकऱ्यांवर चालवलेल्या हल्ल्याची ही कथा तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून बाळगून होता. तेव्हा ती कुणी घेतली नव्हती. यश मिळालं की दिग्दर्शकाच्या कपाटातली जुनी संहिता अशी बाहेर पडते. ती आधी का नाकारली गेली होती, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

सुरुवातीचा अंदाज सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरचा होता. १९७९ च्या नाताळात चित्रपट लावायचा अशी कंपनीची घाई होती आणि त्या घाईपायी एक विलक्षण सवलत दिली गेली: नाताळची तारीख गाठण्यासाठी जादा पैसा खर्च झाला, तर तो कराराचा भंग मानला जाणार नाही. पहिल्या सहा दिवसांत चित्रीकरण पाच दिवस मागे पडलं. एकेका दृश्याचे असंख्य टेक होऊ लागले, हवा तसा उजेड येईपर्यंत माणसं ताटकळत बसू लागली. उभारलेला रस्ता मनासारखा रुंद वाटला नाही म्हणून दोन्ही बाजूंची घरं पाडून ती मागे सरकवल्याची कथा आजही सांगितली जाते. जून १९८० मध्ये अधिकाऱ्यांना पहिली जुळणी दाखवली गेली, ती सव्वापाच तासांच्याही वर भरली. प्रदर्शित प्रत होती २१९ मिनिटांची.

मग कुणी थांबवलं का नाही? कारण थांबवण्याची वेळ येईपर्यंत ओतलेला पैसा इतका झाला होता की अर्धवट चित्रपटाला कवडीची किंमत आली नसती, आणि पूर्ण करू शकणारा माणूस एकच होता. त्यातून तो नुकताच ऑस्कर घेऊन आलेला. त्याला काढलं असतं तर दुसरा चांगला दिग्दर्शक त्या जागी यायला धजावला नसता. युनायटेड आर्टिस्ट्सची मालक कंपनी ट्रान्सअमेरिका हिने १९८१ मध्ये हा व्यवसायच एमजीएमला विकून टाकला.

या हकिकतीत आणखी एक धागा आहे आणि तो बहुतेक वेळा नजरेतून सुटतो. ‘डीअर हंटर’सुद्धा ठरलेल्या खर्चाबाहेर गेला होता. तोही तीन तासांचा होता, त्यातलं लग्नाचं लांबलचक प्रकरण कमी करावं असा आग्रह झाला होता आणि चिमिनोने तो मानला नव्हता. तोच चित्रपट गाजला. त्यातून चिमिनोने काय शिकावं? आपण हट्ट धरला म्हणून जिंकलो, असंच त्याला वाटणार. पण चित्रपट चालला तो त्या लांबीमुळे, लांबी असूनही, की लांबीशी संबंध नसलेल्या कारणाने, हे यश कधीच सांगत नाही. अपयशाची चिरफाड होते. यशाची होत नाही, त्याचा फक्त सत्कार होतो. म्हणून यशातून निघालेले धडे बहुधा तपासून घेतलेले नसतात आणि पुढच्या चित्रपटात दिग्दर्शक नेमके तेच दुप्पट करतो.

हिंदी चित्रपटसृष्टीत याचं सर्वांत ठळक उदाहरण राज कपूरचं आहे. १९६४ चा ‘संगम’ जवळजवळ चार तासांचा होता, त्याला दोन मध्यांतरं होती आणि तो प्रचंड चालला. त्यानंतर सहा वर्षं खपून त्याने ‘मेरा नाम जोकर’ केला. तो चार तासांच्याही पुढे गेला, पुन्हा दोन मध्यांतरं. निर्माता राज कपूर, दिग्दर्शक राज कपूर, नायक राज कपूर, संकलकही राज कपूर, आणि कथेतला जोकर बऱ्याच अंशी स्वतः राज कपूरच. स्वतःच्या आयुष्याचे तुकडे स्वतःच्याच हाताने कापणं कुणालाही जड जातं. डिसेंबर १९७० मध्ये चित्रपट लागला आणि भारतात आपटला. त्याची आरके ही निर्मितीसंस्था कर्जात बुडाली. तीन वर्षांनी आलेल्या ‘बॉबी’मध्ये नायक नायिका नवीन, आरकेसाठी संगीतकारही नवीन. राज कपूर स्वतः पडद्यावर नव्हता, पटकथेवर ख्वाजा अहमद अब्बास यांच्याबरोबर वि. प. साठे होते. ‘आवारा’ची कथा याच जोडीची होती. ‘बॉबी’ने सगळं कर्ज फेडण्याइतका धंदा केला. तीन वर्षांत माणूस बदलला नव्हता; भोवतालची मांडणी बदलली होती.

भोवतालच्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला ‘द गॉडफादर’ करताना अशी माणसं पावलोपावली भेटली. पॅरामाउंटला मार्लन ब्रँडो नको होता, अल पचिनो नको होता, आणि पैसा वाचावा म्हणून कथा १९४०च्या दशकाऐवजी वर्तमानकाळात हवी होती. छायालेखक गॉर्डन विलिसशी सेटवर खटके उडत. कोपोलाने बहुतेक वाद जिंकले, पण प्रत्येक वेळी त्याला आपली बाजू मांडावी लागली, आणि बाजू मांडताना माणसाला स्वतःला काय हवं आहे ते नीट कळतं. बापलेकाचा बागेतला प्रसंग लिहायला त्याने रॉबर्ट टाउन या दुसऱ्या लेखकाला बोलावलं. मदत मागण्यात तेव्हा त्याला कमीपणा वाटला नाही.

१९८० मध्ये कोपोलाने हॉलिवूडमध्ये स्वतःचा स्टुडिओच विकत घेतला. तिथे ‘वन फ्रॉम द हार्ट’साठी लास व्हेगासचे रस्ते आणि विमानतळसुद्धा बंदिस्त जागेत उभारले. खरं लास व्हेगास काही तासांच्या अंतरावर होतं. दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या जवळ नसे; चकाकत्या पत्र्याच्या एका गाडीत व्हिडिओच्या पडद्यांपुढे बसून तो ध्वनिक्षेपकावरून सूचना देई. ज्या माणसाच्या आधीच्या चित्रपटांचा जीव नटांच्या डोळ्यांत होता, तो या चित्रपटात नटांपासून एका भिंतीपलीकडे बसला. सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर गेले, अमेरिकेतून दहा लाखही आले नाहीत, आणि नंतरची बरीच वर्षं कोपोला कर्ज फेडण्यासाठी चित्रपट करत राहिला. ‘वन फ्रॉम द हार्ट’मध्ये देखणेपणाची कमतरता नाही. कमतरता आहे ती गोष्टीची, आणि हे त्याला तोंडावर सांगू शकेल असं त्या स्टुडिओत कुणी उरलं नव्हतं.

स्टीव्हन स्पिलबर्गचा अनुभव याच्या उलट बाजूने तेच सांगतो. ‘जॉज’चं चित्रीकरण ५५ दिवसांत आटोपायचं होतं, ते १५९ दिवस चाललं, कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता. मासा दाखवता येईना म्हणून त्याची चाहूल दाखवावी लागली, आणि त्या चाहुलीनेच लोक घाबरले. संकलक व्हर्ना फील्ड्सला त्या कामाबद्दल ऑस्कर मिळालं. पुढे ती युनिव्हर्सल कंपनीची उपाध्यक्ष झाली आणि तिने पुन्हा चित्रपट कापला नाही. ‘क्लोज एन्काउंटर्स’ही गाजल्यानंतर स्पिलबर्गने १९७९ मध्ये ‘१९४१’ हा विनोदी चित्रपट केला. ‘जॉज’च्या तिपटीहून अधिक पैसा हाती होता आणि मनात येईल ते दाखवता येत होतं. ते सगळं दाखवलं गेलं. घरं कोसळतात, विमानं आदळतात, माणसं ओरडत धावतात आणि हसू मात्र फारसं येत नाही. चित्रपट तोट्यात गेला नाही, पण नाव खराब झालं. त्यानंतरच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये जॉर्ज लुकास निर्मितीच्या बाजूला होता आणि खर्च वाढला तर दंड बसेल अशी पॅरामाउंटची अट होती. स्पिलबर्गने तो ठरलेल्या मुदतीच्या आत संपवला. त्या काळातल्या त्याच्या चित्रपटांत हाच सर्वांत नेटका आहे.

यावरून निर्मात्याचा लगाम जितका घट्ट तितका चित्रपट चांगला, असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकीचा ठरेल. ऑर्सन वेल्सने १९४१ मध्ये ‘सिटिझन केन’ केला तेव्हा अंतिम संकलनाचा अधिकार त्याच्याकडे होता. पुढच्याच ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’च्या वेळी तो उरला नाही. वेल्स ब्राझीलमध्ये दुसऱ्या कामात असताना आरकेओ कंपनीने चित्रपटाची चाळीसहून अधिक मिनिटं कापली, शेवट बदलला आणि ८८ मिनिटांची प्रत लावली. कापलेली रिळं पुढे नष्ट झाली. हे नुकसान भरून येणारं नाही, आणि त्याचा दोष वेल्सच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. डेव्हिड लिंचचंही असंच झालं. १९८० चा ‘द एलिफंट मॅन’ आठ ऑस्कर नामांकनांपर्यंत पोचला, मग १९८४ मध्ये त्याच्याकडे ‘ड्यून’ हा प्रचंड पसाऱ्याचा चित्रपट आला, पण अंतिम संकलनाचा अधिकार आला नाही. चित्रपट पडला. त्यानंतर लिंचने त्याच निर्मात्याशी, दिनो दे लॉरेन्टिसशी, वेगळा सौदा केला: पैसे कमी घेईन, पण चित्रपटाची शेवटची कापणी माझी. त्या सौद्यातून १९८६ चा ‘ब्लू व्हेल्वेट’ निघाला, जो आजही त्याच्या उत्तम कामांत धरला जातो. लिंचला आपल्या कामाचं माप नेमकं सापडलं होतं. प्रत्येक दिग्दर्शकाचं असं एक माप असतं, एवढा पैसा, एवढी माणसं, एवढी मोकळीक. आणि एखादा चित्रपट गाजला की बाजार त्याला पहिल्यांदा त्या मापाबाहेरच नेतो.

वेळेचा हिशेबही याच मापात येतो. आशुतोष गोवारीकरचे ‘पहला नशा’ आणि ‘बाजी’ हे पहिले दोन चित्रपट चालले नव्हते. ‘लगान’ची कल्पना ऐकून आमिर खानने आधी नकार दिला, इतर निर्मात्यांनीही दिला. गोवारीकर पटकथेवर काम करत राहिला आणि पूर्ण संहिता ऐकल्यावर आमिर नुसता नट म्हणून नाही, तर निर्माता म्हणूनही उभा राहिला. २००१ मध्ये आलेल्या आणि पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेल्या त्या चित्रपटात एकही पात्र सैल नाही. अकरा खेळाडूंपैकी प्रत्येक जण लक्षात राहतो. नकार पचवून पुन्हा पुन्हा लिहिल्याचं ते फळ आहे. नावाजलेल्या दिग्दर्शकाच्या संहितेला असे नकार मिळत नाहीत. गोवारीकरचाच नंतरचा ‘मोहेंजो दारो’ पाहताना पडद्यावरच्या शहरावर घेतलेली मेहनत दिसते आणि कथेवर तितके घाव पडले नसल्याचंही दिसतं.

रामगोपाल वर्माच्या बाबतीत वेळेचा प्रश्न आणखी उघडा आहे. १९९८ च्या ‘सत्या’मागे सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचं लेखन होतं, मुंबईच्या गल्ल्यांचा ताजा अनुभव होता, आणि बरेचसे चेहरे हिंदी पडद्यावर तोवर फारसे न दिसलेले होते. २००७ मध्ये वर्माचे तीन चित्रपट आले. मार्चमध्ये ‘निःशब्द’, ३१ ऑगस्टला ‘शोले’ची पुनर्निर्मिती असलेला ‘आग’, आणि लगेच पुढच्या शुक्रवारी ‘डार्लिंग’. एका माणसाचं लक्ष इतक्या ठिकाणी पुरत नाही. ‘आग’वर ‘शोले’च्या निर्मात्यांनी दावा लावला, त्याचं नाव बदलावं लागलं आणि तो हिंदीतल्या सर्वांत वाईट चित्रपटांच्या यादीत कायमचा जाऊन बसला.

मात्र सगळ्याचं खापर या कारणांवर फोडता येत नाही. कोपोलाने ‘अपोकॅलिप्स नाऊ’ही असाच केला होता: स्वतःची मालमत्ता गहाण, खर्च हाताबाहेर, वेळापत्रक कोलमडलेलं, शेवट सुचलेला नाही. तो महान चित्रपट ठरला. तीन वर्षांनी त्याच वृत्तीने केलेला ‘वन फ्रॉम द हार्ट’ बुडाला. २०२४ मध्ये द्राक्षमळ्यांच्या व्यवसायातून उभे केलेले सुमारे १२ कोटी डॉलर घालून केलेला ‘मेगालोपोलिस’ही बुडाला. कौशल्याच्या जोडीला योगायोगाचा वाटा असतो, आणि तो चित्रपटासारख्या शंभर हातांच्या कामात फार मोठा असतो.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये उंचीच्या मोजमापांवरून एक गोष्ट दाखवली होती: फार उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच असतात, पण बहुधा आईबापांइतकी नसतात. जिथे म्हणून गुण आणि योगायोग एकत्र काम करतात, तिथे टोकाच्या निकालानंतर येणारा निकाल सरासरीकडे झुकतो. गुण कायम असतो; योगायोग दर वेळी नव्याने पडतो. क्रिकेटच्या आकड्यांत हे लख्ख दिसतं. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात डॉन ब्रॅडमनने लॉर्ड्सवर पहिल्या डावात २५४ आणि दुसऱ्या डावात १ धाव केली. पुढच्या कसोटीत लीड्सला ३३४, त्यापुढच्या मँचेस्टर कसोटीत १४, आणि ओव्हलवर २३२. त्या १ आणि १४ धावांच्या वेळी ब्रॅडमन खेळ विसरला असं कुणी म्हणत नाही. पण फलंदाजाला पुढच्याच आठवड्यात दुसरी खेळी मिळते. दिग्दर्शकाला तीन वर्षांनी मिळते, तिच्यावर कोट्यवधी रुपये लागलेले असतात आणि तिच्यावरून त्याची पुढची खेळी ठरते.

मोजणाऱ्याची नजरही यात भर घालते. ‘महान चित्रपटानंतर काय झालं’ असं विचारताना निवड आधीच शिखराची झालेली असते. शिखरावरून पुढचं पाऊल बहुधा खालीच पडणार. मध्यम चित्रपटानंतर आलेल्या मध्यम चित्रपटाची बातमी होत नाही.

आणि ‘वाईट’ हा शब्दही पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावरून लावलेला असतो. गुरुदत्तच्या ‘प्यासा’नंतर १९५९ मध्ये ‘कागज के फूल’ आला. भारतातला हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, व्ही. के. मूर्तींच्या छायालेखनाचा कळस. लोकांनी तो नाकारला. अपयशी दिग्दर्शकाच्या त्या कथेनंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा कुठल्याच चित्रपटाला दिलं नाही. आज चित्रपटाच्या अभ्यासक्रमात तो आवर्जून दाखवला जातो. ‘जोकर’लाही नंतर प्रेम मिळालं, सोव्हिएत संघात तर तेव्हाच मिळालं. ‘१९४१’ आणि ‘आग’ यांच्याबाबत असं काही घडलं नाही. म्हणजे काळ सगळ्यांनाच माफ करतो असं नाही. पण पडलेला चित्रपट आणि वाईट चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत.

व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंची वाटचाल भोवतालच्या मांडणीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्रभातमध्ये दामले, फत्तेलाल यांच्यासारखे तोलामोलाचे भागीदार असताना ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ झाले. १९४२ मध्ये ते बाहेर पडले आणि राजकमलमध्ये शब्द त्यांचा एकट्याचा झाला. तिथेही ‘दो आँखें बारह हाथ’ झाला, ज्याची कथा गदिमांची होती. पण नंतरच्या काळात रंग, नृत्य आणि सजावट वाढत गेली आणि कथा विरळ होत गेली. १९७१ चा ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ आज कुणी आठवणीने काढत नाही. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, सत्तरी ओलांडलेल्या बापूंनी ‘पिंजरा’ दिला. त्यात तमाशाची नस जाणणारी माणसं होती, शंकर पाटलांचे संवाद, जगदीश खेबुडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत. नृत्य आणि रंग त्यातही भरपूर आहेत, पण या वेळी ते मास्तरांच्या अधःपाताची गोष्ट सांगायला कामी आले.

चिमिनोला अशी दुसरी संधी मिळाली नाही असं नाही. ‘हेवन्स गेट’नंतर त्याने आणखी चार चित्रपट केले, ‘डीअर हंटर’च्या जवळपास एकही पोचला नाही. २०१२ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘हेवन्स गेट’ची दुरुस्त केलेली २१६ मिनिटांची प्रत दाखवली गेली आणि तिचं स्वागत झालं. अनेक समीक्षकांनी तिला श्रेष्ठ कृती म्हटलं. चिमिनो २०१६ मध्ये वारला. १९९६ नंतर त्याने पूर्ण लांबीचा एकही चित्रपट केला नव्हता.